चुन्याची रेघ

डॉक्टरबाई गाडीच्या बॉनेटवर उजवं कोपर टेकून उभ्या होत्या. मी सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा त्यांच्यापुढे धरला.

"एक टोक मुठीत दाबून धरा," मी म्हणालो, "आणि दुसऱ्या टोकातून फुंका."

"इथं? सगळ्यांसमोर?"

"वासराच्या नाकात फुंकता ना तुम्ही? तसंच."

त्या हसल्या. म्हणाल्या, "वासराच्या नाकात काडी घालतात, फुंकत नाहीत. तुला कुणी सांगितलं हे?" पण तुकडा घेतला आणि गाल फुगवून जोरात फुंकला. ट्यूब मधोमध टम्म फुगली.

"दिसलं? तुम्ही दिलेला जोर कुठं गेला?"

"ट्यूब फुगवण्यात."

"आता हे बघा." मी त्याच तुकड्याभोवती गोणपाटाची पट्टी घट्ट गुंडाळली, सुतळीनं बांधली आणि परत त्यांच्या हातात दिली. त्यांनी पुन्हा फुंकलं. ट्यूब तसूभर फुगली नाही. त्यांच्या मुठीतून मात्र हवा फुर्रकन बाहेर पडली.

"जोर सगळा टोकापर्यंत पोचला," बाई म्हणाल्या.

"तुमच्या गाडीच्या ब्रेकचं तेच आहे. पेडल दाबलं की तेल लोखंडी नळीतून चाकाकडे पळतं. पण चाक वळतं, उड्या मारतं. म्हणून शेवटचा हातभर भाग लवचीक लागतो. त्याला होस म्हणतात. तुमच्या गाडीला रबराचे आहेत, दहा वर्षांचे. दाबलं की फुगतात. म्हणून पेडल स्पंजासारखं लागतं. दुसरे मिळतात त्यांना वरून स्टीलच्या तारेची वीण असते. ते फुगत नाहीत."

बाई ट्यूबकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अंतू, तू मास्तर व्हायला हवा होतास."

त्र्याण्णव सालची ही गोष्ट. मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतो आणि कोल्हापुरात उद्यमनगराच्या मागच्या अंगाला बाबालाल मुजावर यांच्या गॅरेजमध्ये काम करत होतो. त्यांना सगळे चाचा म्हणत. हाताखाली चार माणसं होती आणि त्यांत मी सगळ्यांत जुना. ब्रेकचं काम माझ्याकडे असायचं. गिऱ्हाइकाला समजावून सांगायचं कामही माझ्याकडेच असायचं, कारण ते मला आवडायचं. चाचा म्हणायचे, "अंतूला बोल्ट आवळायला अर्धं मिनिट लागतंय आणि तो का आवळला हे सांगायला अर्धा तास."

डॉ. सुलभा नेर्लेकर गुरांच्या डॉक्टर होत्या. गगनबावड्याच्या अंगाला दूध संघाचं काम करायच्या. चाळिशीच्या आसपास, अंगानं किरकोळ, पण हाताला विलक्षण ताकद. अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून आडवं आलेलं वासरू फिरवायच्या. त्या भागात हे काम करणारी दुसरी बाई नव्हती, आणि पुरुषांतही त्यांच्याइतका लहान आणि बळकट हात कुणाचा नव्हता. माणसं सरळ सांगायची, बाईंचा उजवा हात आत गेला की गाय वाचली. त्यांची जुनी निळी मोटार आठवड्यातून दोनदा तरी करूळचा घाट उतरायची. म्हणून ब्रेकची चौकशी.

चाचा आतल्या बाकावर कार्बोरेटर साफ करत होते. ते उठून आले. हातातलं फडकं खांद्यावर टाकून त्यांनी ट्यूबचा तो तुकडा उचलून पाहिला.

"झाली का शाळा?"

"चाचा, बाईंना स्टीलचे होस बसवावेत म्हणतोय."

"तू म्हणतोस. बाई काय म्हणत्यात?"

"मला दोन्ही बाजू सांगा," बाई म्हणाल्या. "अंतूची ऐकली. तुमची सांगा."

चाचांना फार बोलायची सवय नव्हती. त्यांनी जुना रबरी होस बोटात धरून वाकवला. वाकवल्या जागी बारीक चिरा उमटल्या.

"हे बगा. रबर म्हातारं झालं की तोंडावर दिसतंय. सुरकुत्या पडत्यात. मी न बोलता बी तुमाला कळंल की बदलायला झालंय. त्या स्टीलच्या आत काय चाललंय ते वरनं दिसत न्हाई. आणि दुसरं. रबर कुठं घासलं तर सोता झिजतंय. ते स्टील घासलं तर ज्याला घासंल त्याला झिजवतंय. नवं रबर घाला, पाच वर्सांनी पुन्ना या. बास."

"पण पेडल?" मी म्हणालो. "घाटात पेडल घट्ट लागलं पाहिजे, चाचा. रेसच्या गाड्यांना हेच असतात."

"बाई रेसला न्हाई चालल्या, म्हशीला चालल्यात."

बाकीचे हसले. बाईही हसल्या. मी हसलो नाही. मला वाटलं, माझी इतकी नीट मांडलेली गोष्ट एका वाक्यात उडवली.

बाईंनी दोघांकडे पाहिलं. मग ट्यूबचा तुकडा बॉनेटवरून उचलून पुन्हा एकदा दाबून बघितला.

"चाचा, तुमचंही पटतं. पण मला याचं डोळ्यांनी दिसलं," त्या म्हणाल्या. "स्टीलचे बसवा. निवड माझी."

चाचांनी मान हलवली. "गाडी तुमची, बाई. बसवू. पण नीट बसवू."

त्या काळी असे होस दुकानात तयार मिळत नसत. पण उद्यमनगरात मिळत नाही ते बनवून घेता येतं. यंत्रांचे तेलाचे पाइप करणारा एक कारागीर होता. स्टीलच्या विणीची नळी कापून टोकाला पितळी जोड दाबून द्यायचा. मी जुने होस मापाला घेऊन गेलो. निघताना चाचा म्हणाले होते, "स्टील ताणत न्हाई, ध्येनात ठेव." ते डोक्यात होतं. चाक पूर्ण वळल्यावर कमी पडू नये म्हणून पुढच्या दोन होसांना मी एकेक इंच जास्त सांगितला. रबराच्या मापापेक्षा एक इंच. कारागिरानं विचारलं, "खात्री हाय न्हवं?" मी म्हणालो, "आहे."

गुरुवारी सकाळी गाडी जॅकवर घेतली. चारी चाकं काढली, होस चढवले. चकचकीत दिसत होते. बाजूच्या गॅरेजमधली माणसंही येऊन वाकून बघून गेली.

आता चाचांच्या गॅरेजची एक पद्धत सांगायला हवी. चाचांनी तंबाखू सोडून वीस वर्षं झाली होती, पण बनियनच्या खिशात चुन्याची डबी असायचीच. ती या कामासाठी. नवा होस बसवला की त्याच्या लांबीवर बोटानं चुन्याची सरळ रेघ ओढायची. मग गाडी जॅकवर असतानाच स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत तीनदा फिरवायचं, आणि खाली वाकून रेघ बघायची. रेघ पिळलेली दिसली तर होस बसवताना पीळ पडला. रेघ कुठं पुसली गेली असेल तर तिथं होस कशाला तरी घासतो. रेघ सरळ आणि अखंड असली तरच चाक चढवायचं. आणि ती रेघ पुसायची नाही, तशीच ठेवायची. पुढच्या वेळी गाडी आली की काय बदललं ते रेघच सांगते. दुसरी पद्धत अशी की ज्यानं ब्रेक खोलला त्यानं रेघ बघायची, आणि पहिली फेरी चाचांनी मारायची.

मी चारी होसांवर रेघा ओढल्या. स्टिअरिंग फिरवलं. मागचे दोन नीट होते. उजवा पुढचा नीट होता. तेवढ्यात बाई आल्या. घाईत होत्या. गगनबावड्याच्या पुढे कुठं तरी एक म्हैस दोन दिवस चारा खात नव्हती.

"झालं का रे अंतू?"

"पाच मिनिटं."

चाचा बाहेरच्या नळावर हात धूत होते. "अंतू, रेघा बगितल्यास?"

"बघतोय."

मी डाव्या पुढच्या चाकाशी उकिडवा बसलो. होस बघितला. खिशातलं फडकं काढून होस एकदा पुसून घेतला, चाक चढवलं आणि गाडी खाली घेतली.

"झालं," मी म्हणालो.

चाचा बाईंना शेजारी बसवून फेरी मारून आले. गाडीतून उतरले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "पेडल दगडागत हाय. चांगलं काम केलंस." चाचांच्या तोंडून हे शब्द वर्षातून एकदा निघायचे. बाई खिडकीतून हात हलवून गेल्या.

त्यानंतर दीड महिन्यानं, एका मंगळवारी दुपारी, दूध संघाचा माणूस गॅरेजमध्ये आला. घाटाखालच्या गावात गाय अडली होती म्हणून बाई सकाळीच निघाल्या होत्या. तिसऱ्या वळणावर पेडल खाली गेलं. ब्रेकच्या दोन वाटा असतात, एक फुटली तरी दुसरी उरते, म्हणून गाडी थोडी तरी आवरली. बाईंनी ती दरीकडे न नेता डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली. दार आत दबलं. बाई वाचल्या होत्या.

"हात गेलाय," तो माणूस म्हणाला. "उजवा. कोपराचं पार पीठ झालंय, डॉक्टर म्हणाले."

चाचा खाली बसले. नंतर पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो मला नाही, त्या माणसाला. "गाडी कुठं हाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी ओढून गॅरेजच्या आवारात आणली. चाचांनी सगळ्यांना आत कामाला पाठवलं आणि मला एकट्याला बाहेर ठेवलं. स्वतः जॅक लावला. पुढचं डावं चाक स्वतः काढलं. मी करतो म्हणालो तर नुसता हात आडवा केला.

"बस हितं," ते म्हणाले.

मी बसलो. स्टीलचा होस शाबूत होता. नव्यासारखा चमकत होता. त्याच्या मागून गाडीच्या सांगाड्याला लागून जाणारी ब्रेकच्या तेलाची लोखंडी नळी होती, बोरूएवढी जाड. तिच्यावर एका जागी खाच पडली होती. कानशीनं घासल्यासारखी, स्वच्छ आणि चकचकीत. त्या खाचेत नळी फुटली होती. तेलाचा ओघळ खाली सुकला होता.

चाचांनी स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवलं. होसाचा जास्तीचा बाक सावकाश बाहेर आला आणि बरोबर त्या खाचेत जाऊन बसला.

"पुरं वळीवल्यावरच लागतंय," चाचा म्हणाले. "सरळ रस्त्याला लागत न्हाई. घाटात बी लागत न्हाई. कुठं लागलं आसंल?"

मी खाचेवर बोट ठेवलं.

"गोठ्याम्होरं," चाचा म्हणाले. "बाई दिवसातनं धा गोठ्यात जात्यात. धा अंगणात गाडी फिरवून घ्याची. दर खेपंला इकडं पुरं, तिकडं पुरं. दीड म्हैना."

मग ते उठून मागच्या चाकाकडे गेले. वाकून बघितलं. दुसऱ्या मागच्या चाकाकडे गेले. पुढच्या उजव्याकडे. परत येऊन माझ्यासमोर उकिडवे बसले. गुडघ्यांचा कटकट आवाज झाला.

"तिन्हीवर चुना हाय," ते म्हणाले. "धुळीनं पिवळा झालाय, पर हाय. ह्याच्यावर न्हाई. लावला न्हवतास?"

"लावला होता."

"मग?"

आतून पत्र्यावर हातोडा मारल्याचा आवाज येत होता. मी होसाकडे बघत राहिलो.

त्या गुरुवारी काय झालं ते आता सांगतो. मी डाव्या चाकाशी बसलो तेव्हा रेघ मधोमध पुसलेली होती. करंगळीच्या पेराएवढी जागा. मी चुना परत लावला, स्टिअरिंग परत वळवलं, परत तिथंच पुसली. तो माझा जास्तीचा इंच होता. मला लगेच कळलं. होस काढून पुन्हा कारागिराकडे जायला हवं होतं. म्हणजे अर्धा दिवस. म्हणजे बाईंना थांबा म्हणायचं, आणि नळावर हात धुणाऱ्या चाचांना म्हणायचं, की माझं माप चुकलं. शेजारच्या गॅरेजची माणसं अजून उभी होती. मी मनाशी म्हणालो, इतकं पुरं स्टिअरिंग रस्त्यावर कोण वळवतं. रेघ तुटलेली दिसू नये म्हणून मी सगळीच पुसून टाकली.

"पुसला," मी चाचांना म्हणालो.

"तुटली हुती म्हणून?"

"हो."

चाचांनी होसावरून अंगठा फिरवला. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

"पैली फेरी मी मारली," ते म्हणाले. "मी बी वाकून बगितलं न्हाई. पेडलावर खूश झालो. तेवढं माजं. बाकीचं तुजं." मग म्हणाले, "जा. बाईस्नी सांग. जसं हाय तसं. तू सांगतोस ते त्यास्नी कळतंय."

दवाखान्यात बाई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. उजवा हात खांद्यापासून प्लास्टरमध्ये, दोरीनं वर बांधलेला. चेहरा सुजला होता. मला बघून त्यांनी डाव्या हातानं स्टूल दाखवलं.

"ये अंतू. गाईचं काही कळलं का रे? कुणी सांगत नाही मला."

गाय मेली होती. संघाच्या माणसानं सांगितलं होतं. मी म्हणालो, "नाही कळलं."

त्यांनी डोळे मिटले, परत उघडले. "डॉक्टर म्हणतात कोपर सरळ व्हायचं नाही. इतकंच वाकेल." त्यांनी डाव्या हाताची बोटं थोडीशी उघडून दाखवली. "जेवता येईल. लिहिता येईल." काय करता येणार नाही ते त्या बोलल्या नाहीत.

मी स्टुलावर बसलो होतो. येताना वाटेत मी सगळं जुळवून आणलं होतं. पहिलं वाक्य ठरलं होतं: बाई, चूक माझी आहे.

"तू मला नीट समजावून सांग," त्या म्हणाल्या. "बाकी सगळे नुसतं नशीब नशीब म्हणतात. झालं काय?"

मी तोंड उघडलं. त्या माझ्याकडे अगदी त्या दिवशीसारख्या बघत होत्या, ट्यूब हातात घेऊन ऐकत होत्या तशा. आणि मी समजावून सांगायला लागलो.

मी सांगितलं की होसावरची तार कडक असते. सांगितलं की ती ज्याला घासते त्याला कापते. शेजारच्या नळीला ती घासत होती, नळी पातळ झाली आणि फुटली. रबराचा होस असता तर नळी वाचली असती. यातला शब्द न् शब्द खरा होता. टेबलावरचा चमचा आणि सलाइनच्या नळीचा एक तुकडा घेऊन मी करूनही दाखवलं. इंच सांगितला नाही. रेघ सांगितली नाही.

बाईंनी सगळं ऐकलं.

"म्हणजे स्टीलचाच दोष," त्या म्हणाल्या. "चाचा हेच सांगत होते, नाही का? ज्याला घासेल त्याला झिजवतं."

"हो."

"चाचांचं ऐकायला हवं होतं मी. तुम्ही दोघांनी दोन्ही बाजू सांगितल्यात. निवड माझीच होती."

मी चमचा टेबलावर ठेवला. मान हलवली का नाही, ते आठवत नाही. हलवलीच असणार, कारण त्या म्हणाल्या, "तू कशाला रडवेला होतोस? तुझं काय चुकलं?"

गॅरेजमध्ये परतलो तेव्हा चाचा दारातच उभे होते.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाल्या?"

"निवड माझीच होती म्हणाल्या."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. "मोठ्या मनाची बाई," ते म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी चाचा स्वतः डबा घेऊन दवाखान्यात गेले. परत आले तेव्हा दुपार झाली होती. मी एका गाडीखाली होतो. त्यांचे पाय माझ्या डोक्याशी येऊन थांबले.

"बाई म्हणाल्या, चाचा, तुमचं ऐकाय पायजे हुतं," ते वरून बोलले. मी गाडीखालीच पडून राहिलो. "अंतूनं लई चांगलं समजावलं म्हणाल्या. मी काय बोललो न्हाई. ते माजं सांगायचं न्हवतं." थोडं थांबून म्हणाले, "अजून आठ दिस हायत त्या हितं."

पाय निघून गेले.

आठही दिवस मी गेलो. दवाखान्याच्या फाटकापर्यंत. एकदा जिना चढून दारापर्यंत गेलो, पण आत संघाची माणसं होती. नवव्या दिवशी गेलो तर खाट रिकामी. त्यांचे भाऊ येऊन त्यांना धारवाडला घेऊन गेले होते.

चाचांनी मला कामावरून काढलं नाही. ब्रेकचं कामही काढून घेतलं नाही. फक्त त्यानंतर गिऱ्हाइकाला काही समजावायचं असलं की ते हातातलं टाकून स्वतः पुढे यायचे, दोन वाक्यांत सांगायचे. मला पुन्हा कधी बोलायला लावलं नाही. तीन वर्षांनी मी आयटीआयमध्ये शिक्षकाच्या जागेसाठी अर्ज केला. चाचांनी शिफारशीच्या कागदावर सही केली आणि चुन्याची डबी माझ्यापुढे सरकवली. "पोरांस्नी शिकवायला लागंल," म्हणाले. मी घेतली.

सत्तावीस वर्षं शिकवलं. होसांचा धडा आला की मी दोन्ही होस टेबलावर ठेवायचो, ट्यूब फुगवून दाखवायचो आणि शेवटी सांगायचो, शक्यतो रबरच वापरा, स्टीलनं एका बाईचा हात गेलेला मी पाहिलाय. पोरं वहीत लिहून घ्यायची. बाईंचं अधूनमधून कानावर यायचं. धारवाडला लहान जनावरांचा दवाखाना टाकला. कुत्री, मांजरं. पुढे तोही भाच्याला दिला.

निवृत्तीनंतर मी बुधवारी घराजवळच्या शाळेत सातवीच्या मुलांना हातकाम शिकवायला जातो. एका भंगारवाल्यानं मोटारीचा पुढचा अर्धा सांगाडा दिलाय, चाकांसकट. मुलं त्याच्यावर जीव टाकतात. परवाच्या बुधवारी होस बसवायचे होते. ईश्वरी माने नावाची एक मुलगी आहे, तिला प्रत्येक गोष्ट पहिल्यांदा करायची असते. तिनं होस चढवला, माझ्या डबीतून चुना घेतला, जीभ दातात धरून रेघ ओढली. मुलांनी स्टिअरिंग तीनदा फिरवलं. ती खाली वाकली आणि वाकलेलीच राहिली.

तास संपत आला होता. बाकीच्या दोन गटांचं झालं होतं आणि ते हिच्याकडे बघत होते. ईश्वरीनं हळूच शर्टाच्या बाहीनं होस पुसला.

मी तिचं मनगट धरलं. मला कळलंच नाही किती जोरात ते.

"सर, दुखतंय."

मी हात सोडला. मुलं स्टिअरिंग सोडून आमच्याकडे बघायला लागली. या मुलांनी माझा चढलेला आवाजसुद्धा कधी ऐकला नव्हता.

"तुटली होती का रेघ?" मी विचारलं.

तिनं मान खाली घालून होकार दिला. डोळे भरले होते.

मग मी खाली फरशीवर बसलो आणि मुलांना सांगितलं. आजवरच्या पोरांना सांगितलं तसं नाही. ट्यूबपासून इंचापर्यंत, इंचापासून फडक्यापर्यंत, फडक्यापासून त्या स्टुलापर्यंत. मुलांना स्टीलमध्ये आणि रबरात फारसा रस उरला नाही, ते मला त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसत होतं.

ईश्वरी मनगट चोळत ऐकत होती. माझं सांगून झाल्यावर म्हणाली, "पण सर, नंतर सांगितलं ना त्यांना?"

"नाही."

"त्या वारल्या?"

"नाही. आहेत. धारवाडला असतात. बहात्तरीच्या असतील."

"म्हणजे त्यांना अजून वाटतंय की त्यांचंच चुकलं?"

"हो."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला पुढचं कळत नव्हतं, आणि ते मी समजावून सांगेन म्हणून ती थांबली होती.

"रेघ परत ओढ," मी म्हणालो. "कुठं तुटते ते सगळ्यांना दाखव."

तिनं ओढली. सगळी मुलं खाली वाकली. मी चुन्याची डबी बंद करून खिशात ठेवली. शाळेतून परस्पर स्टँडवर गेलो आणि धारवाडच्या गाडीची वेळ विचारली. शनिवारी सकाळी सातला आहे.